जुन्या काळी मशीन नसताना खाणीत खडक कशाने फोडायचे?

तुम्ही विचारलंय की मशीन नव्हती, सुरुंगाची दारू नव्हती, तेव्हा खाणीत नेमकी कोणती हत्यारं होती. छिन्नी, हातोडा, घण, पहार, टिकाव, पाचर, घमेलं, बस एवढंच. पण खरा प्रश्न हत्यारांचा नाहीये, धार कोण लावायचं हा आहे.

माझे आजोबा लोहार, वाघोलीकडच्या दगडखाणींवरची छिन्न्या-पहारी त्यांच्याकडे यायच्या. संध्याकाळी वडार मंडळी ढीग आणून टाकायची, टोकं पार बोथट आणि ठोकून ठोकून डोकी फुललेली. आपला काळा दगड असा कडक की सकाळची छिन्नी दुपारी कामाची राहत नाही. आजोबा भात्यावर लाल करून टोक काढायचे, मग पाणी पाजायचे, म्हणजे नुसतं टोक बुडवून लगेच घासून रंग बघत बसायचे, पिवळा रंग टोकापर्यंत सरकत आला की परत पाण्यात. टोक जास्त कडक राहिलं तर तुकडा उडतो (डोळ्यात गेला तर संपलंच), मऊ पडलं तर वाकतं.

जर्मन खाणींतही हीच रड. नकाशात खाणीची खूण म्हणून दोन हातोड्यांची फुली असते ना, त्यातला एक हातोडा नाहीच, दांडा घातलेली छिन्नी आहे ती! डाव्या हातात ती, उजव्यात हातोडा. बोथट झाली की दांड्यातून काढायची, दुसरी लावायची. एका पाळीला बऱ्याच लागायच्या म्हणून ओवून जुडगाच खाली न्यायचे.

दगड अगदीच ऐकेना तर लाकडं रचून आग लावायची, तापून तडकला की पहारीने पाडायचा. कर्नाटकात हट्टीच्या सोन्याच्या खाणीत सुमारे 2000 वर्षांपूर्वीचं असं काम सापडलंय. त्या धुरात लोक कसे टिकत असतील देव जाणे.

सुरुंगाची दारू युरोपातल्या खाणीत आली 1627 च्या सुमारास, आजच्या स्लोव्हाकियात. पण म्हणून हातकाम सुटलं असं नाही, दारू भरायला भोक हातानेच पाडायचं. एकाने पहार उभी धरायची, दुसऱ्याने वरून घण घालायचा, आणि धरणाऱ्याने दर घावाला ती जराशी फिरवायची नाहीतर अडकून बसते. हे मी लहानपणी वाघोलीला बघितलंय, धरणारा माणूस घणाकडे एकदाही वर बघायचा नाही, नुसता पहार फिरवत राहायचा.