वाचकांचे प्रश्न : वेब फायरवॉलवर रिक्वेस्टची मर्यादा लावताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचं प्रवेश पोर्टल एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) आहे आणि लोड बॅलन्सरला, म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेला, वॅफ (वेब फायरवॉल) जोडलेलं आहे. एका आयपीवरून पाच मिनिटांत १०० रिक्वेस्ट अशी मर्यादा ठेवली, तर अर्ज भरण्याच्या दिवशी आमचीच संगणक प्रयोगशाळा ब्लॉक झाली. योग्य आकडा कोणता?

उत्तर : आकड्याआधी तुम्ही काय मोजताय ते पाहा. प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं बाहेर एकाच आयपीवरून दिसतात. पान उघडताना चित्रं, फॉन्ट, स्क्रिप्ट धरून ४५ रिक्वेस्ट जात असतील, तर दोन मुलांनी पान उघडताच ९० होतात आणि तिसऱ्याच्या वेळी मर्यादा ओलांडली जाते. मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक आयपी देतात, म्हणून घरून अर्ज भरणारेही यात सापडतात.

म्हणून सगळ्या रिक्वेस्ट न मोजता फक्त लॉगिनचे प्रयत्न मोजा. त्यासाठी नियमातल्या स्कोप-डाउन स्टेटमेंटमध्ये (कोणत्या रिक्वेस्ट मोजायच्या ते ठरवणाऱ्या भागात) दोन अटी एकत्र घाला : पथ (पत्त्यातला पानाचा भाग) लॉगिनचा आणि मेथड पोस्ट (माहिती भरून पाठवणारी रिक्वेस्ट). पथाच्या अटीला ‘लोअरकेस’ टेक्स्ट ट्रान्सफॉर्मेशन (तपासण्याआधी सगळी अक्षरं लहान करणं) जरूर लावा. पुष्कळ अ‍ॅप्लिकेशन पथातली मोठी-लहान अक्षरं सारखीच मानतात; वॅफ मानत नाही. एक अक्षर मोठं करून पाठवलेली रिक्वेस्ट मग मोजलीच जात नाही.

आता हिशेब सोपा होतो. ६० यंत्रं, प्रत्येकी तीन प्रयत्न, म्हणजे पाच मिनिटांत १८० लॉगिन. ३०० पासून सुरुवात करा, पण अ‍ॅक्शन ‘ब्लॉक’ नको, ‘काउंट’ (न अडवता नुसतं मोजणं) ठेवा. वॅफचे पूर्ण लॉग चालू करून गर्दीच्या दिवसांत प्रत्येक आयपीच्या रिक्वेस्ट पाच-पाच मिनिटांच्या गटांत मोजा. कन्सोलमधल्या नमुना रिक्वेस्टवर विसंबू नका, त्या फक्त मागच्या तीन तासांतल्या असतात. खऱ्या वापरकर्त्यांचा सर्वांत मोठा आकडा मिळाला की त्याच्या दीडपट-दुप्पट मर्यादा ठेवून मगच ब्लॉक करा.

प्रयोगशाळेच्या आयपीसाठी वरच्या क्रमांकावर ‘अलाउ’चा नियम टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. अलाउ लागला की खालचे नियम तपासलेच जात नाहीत, एसक्यूएल इंजेक्शन (फॉर्ममधून डेटाबेसला घुसखोर आज्ञा पाठवणं) रोखणारेसुद्धा. त्या आयपींचा सेट करून तो याच नियमाच्या स्कोप-डाउनमध्ये ‘नॉट’ लावून वगळा. सूट फक्त मोजणीपुरती राहते.

सेशन कुकीनुसार (साइटने प्रत्येक ब्राउझरला दिलेल्या ओळखखुणेनुसार) मोजण्याचीही सोय आहे. पण जी रिक्वेस्ट ती कुकी पाठवतच नाही, ती त्या नियमात धरली जात नाही, आणि हल्लेखोराची स्क्रिप्ट कुकी कशाला पाठवेल? म्हणून कुकीचा कडक नियम लावला तरी नुसत्या आयपीचा सैल नियम सोबत हवाच.

ब्लॉक केल्यावर वॅफ उत्तरात ४०३ हा कोड देतं. कस्टम रिस्पॉन्समध्ये ४२९ कोड (रिक्वेस्ट फार झाल्या) आणि किती वेळाने पुन्हा यावं ते सांगणारं रिट्राय-आफ्टर हेडर द्या. ४०३ म्हणजे परवानगी नाही, असं समजून मोबाइल अ‍ॅप वापरकर्त्याला लॉगआउट करू शकतं. ४२९ आला तर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा हे त्याला कळतं.

प्रश्न : लोड बॅलन्सरच्या पुढे क्लाउडफ्रंट (जगभरच्या सर्व्हरांतून पानं पोहोचवणारी एडब्ल्यूएसची सेवा) आणलं आणि एकमेकांशी संबंध नसलेले ग्राहक एकदम ब्लॉक होऊ लागले. का?

उत्तर : वॅफ लोड बॅलन्सरवरच राहिल्यामुळे त्याला ग्राहकाचा नव्हे, क्लाउडफ्रंटचा आयपी दिसतो. नियमात एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर (मधले सर्व्हर ज्यात पाठवणाऱ्याचा पत्ता जोडतात ती ओळ) निवडता येतं, पण रेटचा नियम त्यातला पहिला पत्ता घेतो. क्लाउडफ्रंट खरा पत्ता शेवटी जोडतं, म्हणून पहिला पत्ता पाठवणारा हवा तो लिहू शकतो. दर रिक्वेस्टला नवा खोटा पत्ता दिला की मोजणी निरुपयोगी. शिवाय हेडरच नसेल तर नियम त्या रिक्वेस्टला लागूच होत नाही.

आमच्या मते वॅफ क्लाउडफ्रंटलाच जोडणं हा पक्का उपाय. त्यासाठी वेब एसीएल (वॅफच्या नियमांचा संच) ग्लोबल स्कोपमध्ये, म्हणजे उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये बनवावं लागतं. मग लोड बॅलन्सरच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कोणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या नियमांत) क्लाउडफ्रंटची प्रीफिक्स लिस्ट (तिच्या आयपींची यादी) तेवढी ठेवून आत येण्याच्या बाकी परवानग्या काढून टाका, नाहीतर लोड बॅलन्सरचा पत्ता माहीत असलेला वॅफला वळसा घालून आत येईल.

प्रश्न : मर्यादा १०० आहे, तरी चाचणीत त्याहून बऱ्याच जास्त रिक्वेस्ट आत गेल्या. शिवाय ओटीपीचे एसएमएस कोणीतरी सतत पाठवून बिल वाढवतंय.

उत्तर : पहिली गोष्ट बिघाड नाही. वॅफ दर काही सेकंदांनी वेगाचा अंदाज घेतं, १०१वी रिक्वेस्ट तिथल्या तिथे अडवत नाही. इव्हॅल्युएशन विंडो (मोजणीचा कालावधी) ३०० सेकंदांवरून ६० वर आणली (१२० आणि ६०० हेही पर्याय आहेत) तर मोजणी अलीकडच्या रहदारीला जवळची होते. मर्यादेचा आकडाही त्या प्रमाणात कमी करा. मात्र हल्ला चालू असताना आकडे बदलू नका. बदल केला की आधीची मोजणी पुसली जाते आणि मिनिटभरापर्यंत नियम थांबू शकतो.

ओटीपीसाठी वॅफ अपुरं पडेल. मोबाइल नंबर पोस्टच्या बॉडीत असतो आणि बॉडीतल्या मजकुरानुसार मोजणीचे गट करता येत नाहीत. शेकडो आयपींवरून एकेक रिक्वेस्ट आली तर प्रत्येक आयपी मर्यादेखालीच राहतो. ही मोजणी अ‍ॅप्लिकेशनमध्ये करा : रेडिसमध्ये (मेमरीत माहिती ठेवणाऱ्या जलद डेटाबेसमध्ये) नंबरनिहाय काउंटर, दोन ओटीपींत किमान ३० सेकंद, दहा मिनिटांत तीन. काउंटर एसएमएस पाठवण्याआधी वाढवा. नंतर वाढवलात तर एकाच क्षणी आलेल्या दहा रिक्वेस्ट दहा एसएमएस पाठवून जातील.