अपडेट अडकलं, लॅपटॉप उठेना

प्रश्न : विंडोज ११ चं अपडेट निम्म्यावर होतं आणि करंट गेला. बॅटरी जुनी, त्यामुळं लॅपटॉप तिथंच बंद पडला. आता चालू केला की नुसतं चक्र फिरत राहतं. दुकानदार म्हणतोय, फॉरमॅट मारावा लागेल. आत मुलीचं कॉलेजचं सगळं काम आहे.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : फॉरमॅटला सध्या नको म्हणा. अपडेट विंडोजच्या स्वतःच्या फाइली बदलतं, तुमच्या फोल्डरांना हात लावत नाही. मुलीचं काम बहुतेक जागच्या जागी असणार. झालंय ते असं : अपडेटचा निम्मा भाग विंडोज चालू असताना बसतो, उरलेला रीस्टार्टच्या वेळी. त्या दुसऱ्या टप्प्यात वीज गेली की काही फाइली नव्या, काही जुन्या असा घोळ राहतो.

आधी चार्जर लावा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, मेमरी कार्ड, जे जोडलेलं असेल ते काढा. मग थांबा, एसएसडी असेल तर तासभर, जुनी हार्ड डिस्क असेल तर तीन ताससुद्धा. हार्ड डिस्कच्या बाजूला कान लावला तर बारीक खरखर ऐकू येते (एसएसडीचा आवाज येत नाही). ती चालू आहे तोवर बटणाला हात लावू नका.

एवढं करूनही चक्र तिथंच असेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होऊ द्या. परत चालू करा, कंपनीचं चिन्ह दिसलं की पुन्हा तसंच बंद करा. असं दोन-तीनदा झालं की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर जातं. (एरवी असं करणं वाईट, इथं तीच युक्ती आहे.) तिथं ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स.

पण दुरुस्तीच्या आधी मुलीच्या फाइली बाहेर काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजी अक्षरांत ‘नोटपॅड’ टाइप करून एंटर मारा. फाइल मेनूतून ओपन घ्या आणि खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ असेल तिथं ‘ऑल फाइल्स’ करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि उगाच घाबराल. इथं विंडोजचा ड्राइव्ह सी न दिसता डी किंवा ई दिसू शकतो. ज्यात ‘यूझर्स’ फोल्डर आहे तो आपला. आता पेनड्राइव्ह लावा, हवा तो फोल्डर राइट क्लिकनं कॉपी करून त्यावर पेस्ट करा. किती झालं ते दाखवणारी पट्टी इथं येत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते. तसंच राहू द्या.

मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. दोन पर्याय येतात : ‘क्वालिटी’ म्हणजे दर महिन्याचं, ‘फीचर’ म्हणजे मोठं आवृत्ती बदलणारं. आधी क्वालिटी काढा. नाही निघालं तर स्टार्टअप सेटिंग्जमधून ४ दाबून सेफ मोडमध्ये जाऊन बघा. पुष्कळदा तिथं अर्धवट काम पुरं होतं किंवा मागं फिरतं. त्यानंतर सिस्टिम रिस्टोअर. ‘रीसेट धिस पीसी’ अगदी शेवटी, तेही ‘कीप माय फाइल्स’ निवडून. फाइली राहतात, बसवलेली सॉफ्टवेअरं जातात.

प्रश्न : अपडेटनंतर निळा पडदा आला, ४८ आकडे मागतोय. आम्ही तर असला पासवर्ड कधी घातलाच नाही!
– विद्यार्थी, निपाणी

उत्तर : तुम्ही घातला नाही, खरं आहे. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसते. अपडेटबरोबर बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम) बदलला की लॅपटॉपला शंका येते आणि तो किल्ली मागतो.

मोबाइलवरून त्याच खात्यात लॉगिन करा, डिव्हायसेसमध्ये लॅपटॉपच्या नावाखाली बिटलॉकरची (या कुलपाचं नाव) रिकव्हरी की बघा. एकाहून जास्त किल्ल्या असतील तर पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. आकडे सहा-सहाच्या आठ गटांत असतात. प्रत्येक गटाला ११ नं निःशेष भाग जातो, म्हणूनच एखादा आकडा चुकला तर मशीनला तो गट लगेच खटकतो.

खात्यात किल्लीच नाही? मग लॅपटॉप पहिल्यांदा कोणी चालू करून दिला ते आठवा. दुकानातल्या पोरानं स्वतःच्या मेलनं सेटअप केलेला असतो, किल्ली त्याच्याकडं सापडते. लॅपटॉप कॉलेजचा असेल तर त्यांच्या आयटी विभागाकडं विचारा. आणखी एक अडचण म्हणजे ओटीपी कोल्हापूरला शिकताना घेतलेल्या, आता बंद पडलेल्या नंबरवर जाणं. नंबर आणि पर्यायी मेल दोन्ही हाताशी नसतील तर नवी माहिती लागू व्हायला ३० दिवस लागतात. किल्ली कुठंच मिळाली नाही तर डेटा गेला समजा. ‘क्रॅक करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : फाइली ठेवून रीसेट केला. फाइली आहेत, पण लग्नपत्रिकांचा मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. कन्नड फाइलींचंही तेच. करप्ट झाल्या का?
– डीटीपी व्यावसायिक, शहापूर, बेळगाव

उत्तर : नाहीत, फक्त फॉन्ट गेलेत. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये ‘क’ हा आतून एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असतो, वरचं रूप फॉन्ट देतो. कन्नडच्या जुन्या नुडी फॉन्टचंही तसंच. रीसेटनं फॉन्ट पुसले, आतलं उघडं पडलं. युनिकोडमध्ये (आजच्या प्रमाणित पद्धतीनं) टाइप केलेल्या फाइली नीट दिसत असतील, पडताळून बघा.

सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर असेल तर त्यातल्या विंडोज आणि पुढं फॉन्ट्समधून आजच कॉपी करून घ्या. हा फोल्डर दहा दिवसांनी आपोआप पुसला जातो. नसेल तर नुडी फुकट उतरवून घेता येतं, श्रीलिपी तुमच्या परवान्यानं पुन्हा बसवावी लागेल. तोवर एकच पथ्य : सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावून सेव्ह करू नका. भेळ तशीच राहील, वर कुठला शब्द मराठी आणि कुठला खरंच इंग्रजी याची खूणही पुसली जाईल.

प्रश्न : मग अपडेट बंदच करून टाकलं तर?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : पाच आठवडे थांबवता येतं, ती सोय सेटिंग्जमध्येच आहे. महिन्याचं अपडेट दुसऱ्या मंगळवारी आपल्याकडं रात्री उशिरा सुटतं. आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग करंट टिकतो अशा वेळी, चार्जर लावून आणि सी ड्राइव्हवर २० जीबी मोकळे ठेवून बसवा. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तिथं अपडेट थांबवण्यापेक्षा ११ वर जाता येतं का ते आधी बघा.