वेताचं हातजाळं घरी बनवतोय, पण वेत वाकवताना तडकतो. काय चुकतंय? आणि गळाला लागलेला मोठा मासा उचलायला लाकडी जाळं टिकतं का?

वेत तडकतो कारण तुम्ही तो कोरडा वाकवताय. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी वाफ द्या, बाकी त्यात काही जादू नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मला जरा लांबून यावं लागेल, कारण "लाकडी जाळं टिकतं का" हे मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून गेली नऊ वर्षं ऐकतोय.

आम्ही वेसाव्याचे. आजोबा डोलीच्या, म्हणजे समुद्रात खुंटाला बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्याच्या, धंद्यात होते, पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की दोन महिने ओट्यावर बसून जाळी विणायची आणि सांधायची. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून पाय ताणायचे आणि हातातली सुई अशी फिरायची की बघणाऱ्याला गाठ कधी पडली तेच कळायचं नाही. आस, म्हणजे जाळ्याची भोकं, सगळे सारखे यावेत म्हणून बांबूची एक चपटी पट्टी होती, एक इंच रुंद, वापरून वापरून तिच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत झालेल्या. ती पट्टी आता माझ्याकडे आहे. नायलॉन यायच्या आधी सुताचं जाळं ऐनाची साल उकळून त्या लाल पाण्यात बुडवायचे, नाहीतर कुजायचं, हे ते नेहमी सांगायचे.

तर नऊ वर्षांपूर्वी मी पहिलं हातजाळं केलं. वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या एका माणसाकडून अर्धा इंच जाडीचा वेत घेतला, बाथरूममधल्या ड्रममध्ये रात्रभर भिजवला, कुकरची शिट्टी काढून तिथून रबरी नळी एका लोखंडी पाइपात सोडली आणि पाइपात वेत. अर्धा तास वाफ. जाडीच्या एका इंचाला एक तास हा हिशोब धरायचा, म्हणून अर्ध्या इंचाला अर्धा तास. प्लायवर खिळे ठोकून थेंबाच्या आकाराचा फर्मा आधीच तयार ठेवा, कारण पाइपातून वेत बाहेर काढला की अर्ध्या मिनिटात वाकवून झाला पाहिजे, तेवढ्या वेळात तो थंड होऊन परत हट्टी होतो. जितका हवा त्याहून थोडा जास्तच वाकवा, सुटल्यावर तो मागे येतोच. पेर वळणावर येऊ देऊ नका. मग आठवडाभर फर्म्यावरच वाळू दे, रोज हात लावून बघायची घाई करू नका, मी केलेली.

मूठ माणगा बांबूची. माणगा जवळजवळ भरीव असतो आणि कोकणातल्या कोणाला सांगितलं तर मिळतो. जाळं आजोबांच्या पट्टीवर सुती दोऱ्याचं विणलं. सोळा बाय बारा इंचाच्या कड्याला बत्तीस आस बरोबर बसतात, चौदा फेऱ्या सरळ घ्यायच्या आणि मग प्रत्येक फेरीत तिसरा-चौथा आस एकत्र धरत उतरवत जायचं, आठ-दहा उरले की दोरा ओवून आवळायचं. विणायचं कसं ते तुम्हाला येत असेल असं धरतो.

पहिल्याच रविवारी दादा ते मढच्या खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, गळ टाकून गरवायला घेऊन गेला. सुकतीला, ओहोटी लागली तेव्हा, त्याला तांबोशी लागली, चांगली साडेतीन किलोची असेल, मी शेजारीच उभा होतो. तांबोशी जाळ्यात आली आणि या माणसाने मुठीचं अगदी टोक धरून हात लांब करून ती सरळ वर उचलली. फावड्याने रेती उचलतात तशी. कटकन आवाज आला, मुठीपासून कडं सुटलं आणि मासा गेला. दादा म्हणाला, "लाकूड आहे ते, शोकेसमध्ये ठेव." पुढच्या आठवड्यात त्याने घडीचं अ‍ॅल्युमिनियमचं जाळं आणलं आणि तेव्हापासून घरात कोणीही काहीही हाताने बनवलं की त्याला हे उदाहरण आठवतं.

त्या रात्री मी तुटलेलं जाळं घेऊन ट्यूबलाइटखाली बसलो. वेताच्या कड्याला एक चीर नव्हती. माणगा जसाच्या तसा. सुटला होता तो फक्त सांधा, आणि दोन्ही बाजूंना गोंदाचा पांढरा थर दिसत होता, ओला, बोट फिरवलं की पेजेसारखा पुसला जाणारा. मी साधा सुतारकामाचा पांढरा गोंद लावला होता आणि वरून दोऱ्याचे जेमतेम दोन बोटं वेढे. म्हणजे चूक सांध्यात होती, ती माझी, आणि चूक उचलण्यात होती, ती त्याची. वेताची काहीच चूक नव्हती. मला एवढंच म्हणायचं होतं आणि ते घरात कोणी ऐकून घेत नाही.

म्हणून तुम्ही सांधा असा करा. वेताची दोन्ही टोकं सहा-सहा इंच तासून निमुळती करा, मुठीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढीच खाच घ्या म्हणजे मूठ मध्ये जिभेसारखी बसेल. गोंद दोन ट्यूबवाला इपॉक्सीच वापरा. क्लॅम्प लावून एक दिवस ठेवा, मग मेण लावलेल्या दोऱ्याने किमान चार बोटं घट्ट वेढे द्या, एकाला एक चिकटून, आणि वरून व्हार्निश. खरी ताकद त्या बांधणीची असते. माझं दुसरं जाळं असं बांधलेलं आहे आणि आठ वर्षं झाली, अजून सांधा हललेला नाही.

आणि उचलायचं कसं ते शिकल्याशिवाय कुठलंही जाळं घेऊ नका, लाकडाचं असो की धातूचं. जाळं आधी पाण्यात बुडवून स्थिर धरायचं, मासा डोक्याकडून त्याच्यावर आणायचा, मग मूठ आपल्याकडे ओढत यायचं आणि शेवटी हाताने कडं धरून उचलायचं. दादाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपाला स्टीलचे रिव्हेट होते, खाऱ्या पाण्याने दोन पावसाळ्यांत तिथून पांढरी पूड सुटायला लागली आणि तिसऱ्या वर्षी मूठ डुगडुगायला लागली. त्याबद्दल मात्र घरात कोणी कधी बोललं नाही. दादा, तू हे वाचत असशील तर तो सुटलेला सांधा मी फेकलेला नाही, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, येऊन बघ.

काही गोष्टी राहिल्या. शिंगाळ्यासाठी, त्या मिशावाल्या काटेरी माशासाठी, सुती जाळं वापरू नका, त्याचे काटे आसात असे अडकतात की शेवटी दोराच कापावा लागतो. घरी आल्यावर जाळं गोड्या पाण्यात धुवून सावलीत टांगा, नाहीतर सूत कुजतं. लाकडाला डिंबेल लावायला कोणी सांगेल, काजूच्या टरफलाचं ते तेल चांगलं असतं पण कातडी भाजते, हातमोजे घाला. वाफेच्या पाइपाचं तोंड गच्च बंद करू नका, नुसता फडका कोंबा. आणि जून ते सप्टेंबर या कामाला हात लावू नका, मुंबईच्या हवेत वेत वाळतच नाही, फर्म्यावर बुरशी धरते.