‘सहउद्दीपन’ की ‘दुय्यम उद्दीपन’?

प्रश्न : टी पेशींवरच्या (टी पेशी म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मराठी लेखांत ‘कोस्टिम्युलेशन’साठी कुठे ‘दुय्यम उद्दीपन’ दिसते, कुठे ‘सहउद्दीपन’. योग्य काय?

‘सहउद्दीपन’च. ‘दुय्यम’ म्हटले की नसले तरी भागेल असे वाटते, आणि इथे तर त्यावाचून काहीच भागत नाही.

टी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे तिच्यावरचा ओळख पटवणारा रेणू, समोरच्या पेशीने एमएचसी या तिच्यावरच्या रेणूत धरून दाखवलेला प्रथिनाचा तुकडा ओळखतो. हा पहिला संकेत. मग आतल्या बाजूने एलसीके हे विकर रिसेप्टरसोबतच्या सीडी३ या प्रथिनांच्या शेपटांना फॉस्फेट जोडते, तिथे झॅप-७० हे दुसरे विकर येऊन चिकटते, पेशीत कॅल्शियम वाढते आणि एनफॅट हे जनुके चालू करणारे प्रथिन केंद्रकात शिरते. इतके सगळे होऊनही नवखी टी पेशी कामाला लागत नाही. उलट ती बधिर होऊ शकते. मग पुढे तोच तुकडा सर्व संकेतांसह समोर आला, तरी ती दाद देत नाही.

हे टळते ते सीडी२८कडून येणाऱ्या दुसऱ्या संकेतामुळे, म्हणजेच सहउद्दीपनामुळे. टी पेशीवरचा सीडी२८ हा रेणू समोरच्या पेशीवरच्या सीडी८० किंवा सीडी८६ला जोडला गेला, की त्याच्या शेपटीशी पीआय३-कायनेज हे विकर येते, एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे आणखी एक प्रथिन जागे होते, इंटरल्युकिन-२ हे पेशींना वाढायला लावणारे प्रथिन भरपूर तयार होऊ लागते आणि पेशी विभागत सुटते. सीडी८०-८६ वाढतात ते जंतूची चाहूल लागलेल्या डेंड्रायटिक पेशींवर, म्हणजे टी पेशींना असे तुकडे दाखवणाऱ्या पेशींवर. म्हणजे ‘ओळखले’ आणि ‘धोका आहे’ या दोन्ही गोष्टी एकदम कळाव्या लागतात. आपल्याच ऊतींवर हल्ला होऊ नये म्हणून शरीराने घेतलेली ही खबरदारी मला फार विलक्षण वाटते.

‘सह’मुळे सहसंपादकासारखी खालची पायरी सुचते, असा आक्षेप येईल. पण सहजीवन, सहाध्यायी यांत कुणी खाली नाही. इथला ‘सह’ तो.

याच सीडी८०-८६ला टी पेशीवरचा सीटीएलए-४ हा दुसरा रेणू अधिक घट्ट जोडला जातो आणि पेशीला लगाम घालतो. त्याला ‘सहनिरोधन’ म्हणता येते. ‘दुय्यम’ धरून बसलो तर ही जोडी जमत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या, २०२३मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारात (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगाशी लढवतात) सहउद्दीपनासाठी सीडी२८ऐवजी ४-१बीबी या दुसऱ्या सहउद्दीपक रेणूचा भाग जोडलेला आहे. तिथेही हाच शब्द चपखल बसतो.

संधी केला तर ‘सहोद्दीपन’ होईल, ‘सहोदर’सारखे. व्याकरणाने ते बिनचूक आहे, पण त्यातले ‘उद्दीपन’ चटकन डोळ्यांत भरत नाही, म्हणून मी संधी न करता लिहितो.