निपाणीची नोकरी आणि खो-खोची टीम सोडून मस्कतच्या शाळेत जाऊ का? शिकवणं, खेळ आणि घरी येणं-जाणं तिथे जमतं का?

जा, असंच मी सांगेन. शिकवणं जमतं, खेळही जमतो. घरी येणं-जाणं मात्र आपल्या मनाप्रमाणे होत नाही, ते शाळेच्या सुट्टीप्रमाणेच होतं.

तुम्ही हायस्कूलला गणित शिकवता, मुलींची टीम घेता आणि मस्कतच्या सीबीएसई शाळेचं पत्र हातात आहे, एवढं तुम्ही लिहिलंय. मी खानापूर तालुक्यातली. मस्कतला विज्ञान शिकवते आणि शाळेच्या मुलींची व्हॉलीबॉलची टीम बघते.

शाळा सकाळी सातच्या सुमारास भरते आणि दीड-दोनला सुटते. शुक्रवार-शनिवार सुट्टी. वेळापत्रक बघितलं की वाटतं, दुपार आपलीच. पण एप्रिल ते सप्टेंबर दुपारच्या वेळी ग्राउंडवर पाय ठेववत नाही. जून ते ऑगस्ट साडेबारा ते साडेतीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायलासुद्धा ओमान सरकारची बंदी असते. म्हणजे प्रॅक्टिस सूर्य मावळल्यावर. घरी जायचं, जेवायचं, वह्या तपासायच्या आणि संध्याकाळी पुन्हा शाळा गाठायची. मुलींना पोहोचवायला त्यांच्या आई-वडिलांनाही कामावरून यावं लागतं, त्यामुळे वेळ पाळली नाही तर टीम टिकत नाही. नोव्हेंबरनंतर हवा सुरेख असते, पण बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून, आणि दहावी-बारावीच्या मुली डिसेंबर संपला की ग्राउंडवर दिसत नाहीत. खरा मोसम ऑक्टोबर ते डिसेंबर, एवढाच. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात शाळेची वेळ कमी होते, रोजा धरलेल्या मुलींना पळवायचं नसतं, आणि बाकीच्यांनीही दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा प्यायचं नसतं. वर्षाचा आराखडा करताना रमजान कधी येतोय हे आधी बघा.

करारावर सही करण्याआधी आठवड्याला पिरियड किती, हे लेखी विचारून घ्या. टीम घेणाऱ्या शिक्षकाला ऑफ पिरियडला दुसऱ्यांच्या वर्गावर पाठवतात का, तेही विचारा. गणिताच्या शिक्षकावर तिथे दहावीचा भार पडतोच. खेळाचं काम तोंडी ठरलं तर ते सगळ्यांच्या दृष्टीनं तुमची हौस होऊन बसतं. पण ही कटकट वाटली म्हणून खेळ सोडू नका. वर्गात मुलं तुम्हाला 'मॅम' म्हणतात आणि घरी जातात. ओळखी झाल्या, घरी जेवायला बोलावणं आलं, आजारपणात कुणी डबा आणून दिला, ते सगळं मला ग्राउंडवरच्या मुलींच्या घरांतून मिळालं.

खो-खो तिथे नेता येईल का, हे तुम्ही वेगळं विचारलंय. येईल, आणि न्याच. थंडीच्या दिवसांत हाउसच्या मॅचेससाठी मी चुन्यानं पाट्या आखून तो सुरू केला. केरळ-तमिळनाडूच्या बऱ्याच मुलींनी तो कधी खेळलेलाच नव्हता. आठ जणी एकीआड एक उलट तोंडं करून बसतात, हेच त्यांना नवल. एक कोळिकोडची मुलगी शेजारणीला दिलेला 'खो' ऐकूनही उठून पळायची. मग तिला डोळे मिटून बसवलं आणि पाठीवर हात पडल्याशिवाय उठायचं नाही असं सांगितलं. आठवडाभरात ती सगळ्यांत चपळ उठायला लागली. जमीन मात्र आपल्यासारखी नाही. लाल मातीत मारलेला सूर तिथे मारला तर कोपर सोलून निघतं, म्हणून सूर मारायचाच नाही असा नियम केला आणि सगळा भर हुलकावणीवर आणि साखळीवर, म्हणजे बसलेल्यांमधून नागमोडी पळण्यावर, दिला.

फिरणं म्हणाल तर ओमान मला मॅचेसमुळेच बघायला मिळाला. सोहार, निझवा, सूर या गावांतही भारतीय शाळा आहेत. टीम घेऊन बसनं जायचं, मॅच झाली की किल्ला नाहीतर समुद्र बघून परतायचं.

घर. उन्हाळी सुट्टी जून-जुलैत येते, म्हणजे आपल्याकडे धो-धो पाऊस आणि भात लावणी. गणपती-दिवाळीला बहुधा तिकडेच राहावं लागतं. याची मनाची तयारी आधी करा, घरच्यांचीही करा, विशेषतः मुलं लहान असतील तर. प्रवास पूर्वीसारखा अवघड राहिलेला नाही. 2023 पासून गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झालाय, तिथून निपाणीला आंबोली-आजरामार्गे येता येतं. पावसात घाटाला वेळ जास्त धरा. मुंबईहून रात्रीची बस आहेच.

कागदपत्रांत सीमाभागातल्या माणसाची एक खास अडचण असते. दहावी कर्नाटकची आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची असेल, तर ज्या राज्यानं कागद दिला त्याच राज्यातून तो आधी साक्षांकित करावा लागतो. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा शिक्का. ओमानला ते चालतं. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या, मार्ककार्डावर नावाआधी आद्याक्षरं, पदवीवर पूर्ण नाव आणि आडनाव, पासपोर्टवर तिसरंच, असं असेल तर आत्ताच दुरुस्तीला लागा. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

आता तुमच्या टीमचं. तालुक्याच्या मॅचेस पावसाळ्यात असतात. बाई मध्येच गेल्या की मुली पांगतात आणि घरचे म्हणतात, "बरं झालं, आता अभ्यास कर." आमच्या भागात असं होताना मी बघितलंय. म्हणून रुजू व्हायची तारीख एप्रिलची असेल तर शाळेला विनंती करून सुट्टीनंतरची, ऑगस्टची मागा. जून-जुलैत रोज ग्राउंडवर या, आणि जे कुणी पुढे टीम घेणार आहेत त्यांनाच प्रॅक्टिस घेऊ द्या, तुम्ही बाजूला उभ्या राहा. शाळेत कुणी तयार नसेल तर तुमच्याकडे खेळून पुढे कॉलेजला गेलेली एखादी मुलगी शोधा आणि हेडमास्तरांकडून तिला परवानगी काढून द्या. पुढच्या सुट्टीत तुम्ही याल तेव्हाही शाळा भरलेलीच असेल आणि टीमची निवड चालू असेल, तेव्हा पंधरा-वीस दिवस त्यांच्याबरोबर सहज काढता येतील. मी माझ्या गावच्या शाळेत तेच करते. पाऊस फारच असला तर व्हरांड्यात बसवून उठण्या-बसण्याची प्रॅक्टिस घेते.