सेवेची लिस्ट पाठवत नाहीये, आधी मीटिंगला येऊन बस

प्रिय बाय,

तुझा तो लांबलचक मेसेज दोनदा वाचला, एकदा विरार लोकलमध्ये उभ्याउभ्या आणि एकदा घरी येऊन नीट चष्मा लावून. फोनच करणार होते पण फोनवर मी किती भरकटते ते तुझ्या आईला विचार, म्हणून एका बोटाने हे टाईप करत बसलेय, चुका असतील तर समजून घे.

तू लिहिलंयस की नन व्हायचं नाहीये, लग्न करायचंय, नोकरीही आवडते, पण असिसीच्या फ्रान्सिसचं, त्या आठशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या संताचं, काहीतरी आत लागून राहिलंय, तर तुमच्या ग्रुपमधून काय काय सेवा करता येईल त्याची लिस्ट पाठवा. लिस्ट नाही पाठवत. रागावू नकोस, कारण सांगते.

पहिलं म्हणजे तो ग्रुप नाही गं. ग्रुपमधून कंटाळा आला की लेफ्ट होता येतं. ही ऑर्डर आहे, म्हणजे नियमाने बांधलेला धर्मसंघ, सेक्युलर फ्रान्सिस्कन ऑर्डर, ओएफएस, जुनी माणसं अजून थर्ड ऑर्डरच म्हणतात. (सेक्युलर शब्दाला दचकू नकोस, टीव्हीवर ज्याच्यावरून भांडतात तो अर्थ नाही, संसारात राहणारे एवढंच.) पहिली ऑर्डर ब्रदर-फादरांची, दुसरी संत क्लेराच्या सिस्टरांची, आणि तिसरी ही, नवरा-बायको, दुकानदार, नर्सा, वाडीवाले, सगळ्यांची. शेजारच्या आजींना हे समजावताना मी म्हणाले, तुमच्याकडे माळकरी असतो ना, तुळशीची माळ घालतो पण घर सोडत नाही, शेत सोडत नाही, फक्त माळ गळ्यात पडली की काही गोष्टी सुटतात आणि काही चुकवता येत नाहीत, तसं काहीसं. त्या लगेच म्हणाल्या, मग तुझी माळ कुठंय? मी गळ्यातला टाऊ दाखवला, लाकडाचा, इंग्रजी टी सारखा दिसणारा क्रूस. त्यांना पटलं. तुझ्या आईलाही असंच सांग, तिला वाटतंय तू कॉन्व्हेंटात चाललीस.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. फ्रान्सिसच्या मागे बायकापोरं असलेली माणसंही लागली तेव्हा त्यांच्यासाठी १२२१ मध्ये एक नियम झाला. त्यांना प्रायश्चित्ताचे भाऊ-बहिणी म्हणायचे. तो नियम वाचला तर तू म्हणशील यात काय एवढं. कपडे साधे, बिनरंगाच्या कापडाचे आणि स्वस्तातले. दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर परत करा. शेजाऱ्याशी वाकडं असेल तर मिटवा. आत यायचं तर मृत्युपत्र करून टाका, म्हणजे मागे पोरांची भांडणं नकोत. महिन्यातून एकदा सगळे जमा, प्रत्येकाने एक नाणं ट्रेझररकडे द्या, ते गरिबांना आणि आजाऱ्यांना जाईल. कोणी भाऊ-बहीण आजारी पडली तर आठवड्यातून एकदा भेटायला जा. किती घरगुती ना? पण त्यातच एक ओळ होती की कुणाविरुद्ध शस्त्र हातात घ्यायचं नाही आणि उगाच शपथा घ्यायच्या नाहीत, आणि तेव्हाच्या इटलीत तर प्रत्येक शहर शेजारच्या शहराशी लढत होतं, सरदार लोक माणसांकडून शपथ घेऊन त्यांना लढाईला न्यायचे, आता ही कापडवाली आणि धान्यवाली माणसं म्हणायला लागली की आम्ही येत नाही. अधिकारी खवळले आणि पोपना मध्ये पडायला लागलं. मोर्चा नाही, भाषण नाही, नुसता महिन्याच्या मीटिंगचा नियम, आणि त्यातून एवढं.

नियम पुढे तीनदा नव्याने आला, १२८९, १८८३ आणि १९७८. आत्ताचा नियम पोप सहावे पॉल यांनी दिलेला, छोटासा आहे, एका संध्याकाळी वाचून होतो, तुला कॉपी देईन. त्यातलं एकच आत्ता लक्षात ठेव, शुभवर्तमानातून (म्हणजे गॉस्पेल, बायबलातली येशूची चरित्रं) जीवनाकडे आणि जीवनातून शुभवर्तमानाकडे जा असं म्हटलंय. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. लोकलमध्ये सीटवरून झालेलं भांडण घेऊन पण बायबलपाशी जायचं असतं.

घरच्या विरोधाचं लिहिलंयस म्हणून पोग्गिबोन्सीच्या लुकेझिओची गोष्ट सांगते. पोग्गिबोन्सी हे टस्कनीतलं गाव, हा तिथला व्यापारी, धान्य साठवून महाग झालं की विकणारा. पहिला थर्ड ऑर्डरवाला हाच असं परंपरेने मानतात, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको बोनादोना. पण ती आधी तयार नव्हती! हा मन बदललं म्हणून घरातलं वाटत सुटला आणि ती बिचारी डोक्याला हात लावून बसली, मला तर तिची बाजू पूर्ण पटते. सांगतात की एकदा दारात माणसं उभी असताना त्याने तिला भाकरी आणायला आत पाठवलं, तिला माहीत होतं की डबा रिकामा आहे, चिडून गेली आणि बघते तर भरलेला. चमत्कार तू मान किंवा मानू नकोस. मी इतकंच बघते की त्यानंतर ती दोघं मिळून करायला लागली, थोडी जमीन ठेवली, स्वतः राबली, आणि आजाऱ्यांना तो पाठीवर घालून घरी आणायचा. दोघं एकाच दिवशी गेली म्हणतात, १२६० मध्ये. तर आईशी भांडून येऊ नकोस, तिला थोडा वेळ दे.

आणि आपल्या वसईचं तुला माहितीच आहे असं समजत होते पण तुझ्या मेसेजवरून वाटलं की नाही. गोन्सालो गार्सियाच्या सणाला आपण दरवर्षी जातो, प्रवचन ऐकतो, हार घालतो. जन्म इथला, १५५७ च्या सुमाराचा, आई इथलीच आणि वडील पोर्तुगीज, फ्रान्सिस्कन ब्रदर, फादर नव्हे हं, जपानी चांगलं यायचं म्हणून जपानला दुभाषा म्हणून गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मारला. भारतात जन्मलेला पहिला संत, १८६२ मध्ये जाहीर झाला. हे सगळं पाठ असतं आपलं. पण त्या दिवशी क्रूस सव्वीस होते, आणि बाकीचे कोण होते ते आपण विचारत नाही. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट (तो वेगळा संघ), आणि सतरा जपानी संसारी माणसं, त्यातली बहुतेक फ्रान्सिसच्या थर्ड ऑर्डरची. आचारी, सुतार, धनुष्यबाण करणारा, वैद्य. तीन तर पोरं होती, सगळ्यात लहान बारा वर्षांचा. क्योटोत फ्रान्सिस्कनांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला होता, त्याच्या आसपास ही माणसं राबत होती. आपला गोन्सालो एकटा हुतात्मा नाही झाला, तो एका फ्रॅटर्निटीत, भावाबहिणींच्या मंडळात मेला.

त्यातला मथियास माझा खास. पकडायला आलेल्या शिपायांच्या यादीत मथियास नावाचा आचारी होता, हाक मारली तर तो घरात नव्हता, बाजाराला गेलेला. जवळच राहणारा दुसरा एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, तुम्हाला पाहिजे तो मी नाही पण माझंही नाव मथियास आहे आणि मीही त्यांच्यातलाच. शिपायांना काय, आकडा भरायचा होता, घेतलं. आणि क्योटोहून निघाले तेव्हा हे सव्वीस नव्हतेच, चोवीस होते. हिवाळ्यात महिनाभर चालवत नेलं, डाव्या कानाची पाळी कापलेली, वाटेत दोघं जण त्यांची सोय बघायला बरोबर चालत होते, शिपायांनी त्या दोघांनाही बांधलं. ते सेवाच करत होते गं, पण बाजूला उभं राहून नाही, आणि हा फरक कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

माझं सांगते. एकतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यामुळे सेवा म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये अशी माझी ठाम समजूत. इथल्या फ्रॅटर्निटीत (ऑर्डरच्या स्थानिक मंडळाला तेच म्हणतात) आले तर तिथे एक बाई ट्रेझरर, दहा रुपयाचं बिल मागणार, रिक्षाचे पैसे का लागले विचारणार, मिनिट्समधली स्पेलिंग काढणार. मला अजिबात सहन व्हायच्या नाहीत. मी तेव्हा जोरात होते, एका सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर पेशंटच्या नातेवाईकांना जेवणाची पाकिटं वाटायचं सुरू केलेलं, शंभर-शंभर पाकिटं, फोटो काढून मीटिंगमध्ये दाखवले. सगळे वा वा म्हणाले. ही बाई चष्मा वर करून एका फोटोकडे बघत बसली आणि म्हणाली, या हिचं नाव काय? मी म्हटलं कुणाचं? म्हणे ही जिला तू पाकीट देतेस तिचं. मला माहीत नव्हतं. त्या बाईला मी सलग चार रविवार पाकीट दिलं होतं.

मला एवढा राग आला की तीन मीटिंगांना गेलेच नाही. मग तिलाच स्ट्रोक झाला. आमच्या मिनिस्टरने (फ्रॅटर्निटीच्या प्रमुखाला तसं म्हणतात) आजारी बहिणीच्या भेटीचे वार लावले आणि मला बुधवार दिला. मुद्दाम दिला असणार. तोंड वाकडं करून गेले. पहिल्या बुधवारी ब्लडप्रेशर मोजलं आणि पळाले, सवयच ती. नंतर नखं कापायला लागले, मग केस विंचरायला, मग नुसतीच बसायला लागले. तिला धड बोलता येत नव्हतं पण खूण करून दर वेळी हिशेबाची वही वाचायला लावायची, अक्षरशः मागच्या महिन्याचा जमाखर्च, साठ रुपये मेणबत्त्या, दोनशे चाळीस औषधं असं. दीड वर्ष बुधवार. तुला वाटेल शेवटी ती गोड झाली असेल. नाही झाली. मी बिलं नीट ठेवत नाही हे मत ती घेऊनच गेली आणि खरंच, मी ठेवत नाही. पण आता हॉस्पिटलबाहेर आम्ही शंभर पाकिटं नेत नाही, बारा-पंधरा डबे नेतो आणि त्यांच्याबरोबर फुटपाथवर बसून आम्हीही तेच जेवतो, नावं आपोआप कळतात.

हे मी तुला का सांगतेय? फ्रान्सिसने मरायच्या आधी स्वतःचं मृत्युपत्र सांगून लिहून घेतलं, १२२६ मध्ये गेला तो. त्यात सुरुवातीलाच म्हणतो की पापात होतो तेव्हा कुष्ठरोग्यांना बघणंही मला फार कडू वाटायचं, प्रभूनेच मला त्यांच्यात नेलं. त्यांच्यात. आणि पुढे म्हणतो की प्रभूने मला भाऊ दिले. निवडले म्हणत नाही, दिले म्हणतो. त्या दिलेल्यांमध्ये हिशेब मागणारी बाई असते. आपल्याकडे वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे ते कुठून सुरू झालं? तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पावसात पडलेला बघून ते घाबरून पळाले होते, आणि त्या पळाल्याचीच त्यांना लाज वाटली. ते ख्रिस्ती नव्हते, ऑर्डरमध्ये नव्हते, पण फ्रान्सिसला ते लगेच ओळखू आले असते असं मला वाटतं.

आता तुझे बाकीचे प्रश्न पटापट. पगार सोडायचा नाही, गरिबीचं व्रत आपल्याला नसतं, पण गरजा कमी करत राहायच्या असतात आणि ते व्रतापेक्षा अवघड आहे कारण दर सेलला नव्याने ठरवावं लागतं. लग्न कर, होणाऱ्या नवऱ्याला आधी सांग. लगेच प्रॉमिस करायला कोणी लावणार नाही, आधी नुसतं येऊन बघायचं, मग कमीत कमी एक वर्ष फॉर्मेशन, म्हणजे तयारी, आमच्यात तरी जास्तच लागतं, मग प्रोफेशन, म्हणजे ते प्रॉमिस, आणि ते एकदा केलं की आयुष्यभराचं, म्हणून घाई करू नकोस. मधेच वाटलं हे आपलं नाही तर तसं सांगून जायचं, कोणी वाईट मानत नाही. तरुण आमच्यात कमी आहेत हे खरंय, तुला आजी-आजोबांचा क्लब वाटेल. इन्स्टावर टाकायचं का विचारलंस. टाक, पण ज्याचा फोटो आहे त्याचं नाव तुला माहीत असेल आणि त्याची परवानगी असेल तरच.

दुसऱ्या रविवारी चार वाजता मीटिंग असते, चर्चच्या मागच्या खोलीत. पंखा एकच चालतो, त्याच्याखालची खुर्ची कधीच रिकामी नसते. सुरुवातीला प्रार्थना, मग शुभवर्तमानावर बोलणं, मग गेल्या महिन्याचा हिशेब, मग या वेळी बहुतेक नाताळच्या गोठ्यावरून भांडण होईल, थर्माकोल नको म्हणून मी सांगणार आहे आणि दोघांना ते आवडणार नाही. (पहिला गोठा फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ मध्ये केला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव होतं, तर यांना निदान पेंढा आणायला काय होतंय.) तू काही बोलली नाहीस तरी चालेल. शेवटी कोणाकडे भेटायला जायचं ते ठरतं, सध्या एक आजोबा आहेत, शनिवार मोकळा आहे, तो मी तुझ्यासाठी धरून ठेवलाय. येताना सुकेळी (वाळवलेली केळी) आणलीस तर बरं होईल, त्यांना फार आवडतात, फक्त मऊ बघून आण, दात नाहीत त्यांना.

प्रभू तुला शांती देवो,
तुझी आत्या