नवं मोबाइल तंत्रज्ञान जाहीर झाल्यावर हातात यायला इतकी वर्षं का लागतात?

तुमचा प्रश्न असा की, जास्त वेगाच्या डेटाचं मानक मंजूर होतं, टॉवरवर यंत्रणाही चढते, मग सेवा का रखडते? कंपन्या मुद्दाम अडवतात का?

मुद्दाम अडवण्यात त्यांचाच तोटा असतो. ब्रिटनमध्ये 2000 साली 3जी परवान्यांच्या लिलावात सुमारे 22.5 अब्ज पौंड मोजले गेले आणि तिथे सेवा सुरू व्हायला मार्च 2003 उजाडला. एवढे पैसे अडकलेले असताना एकेक महिना जड जातो.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ जातो तो नव्या नेटवर्कवरून जुन्यावर सुखरूप उतरण्यात. 3जीचंच घ्या. चालू कॉलमध्ये 3जीची हद्द संपत आली की फोनला शेजारचा 2जी टॉवर ऐकून बघावा लागतो. 2जीत फोन फक्त आपल्या पाळीला बोलतो, त्यामुळे अधल्यामधल्या वेळात त्याला शेजाऱ्याकडे कान देता येतो. 3जीत मात्र पाठवणं आणि घेणं अखंड चालू असतं, सवडच नाही. म्हणून ती काढावी लागते. 3जीत डेटा 10 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये जातो, आणि एका फ्रेममध्ये वेळेचे 15 छोटे भाग, म्हणजे स्लॉट असतात. त्यातले जास्तीत जास्त 7 रिकामे ठेवायचे आणि फ्रेमचा सगळा डेटा उरलेल्यांत दुप्पट वेगाने बसवायचा. तसं केलं की सिग्नल कच्चा पडतो, म्हणून तेवढ्यापुरती ताकद वाढवायची. आणि हे सगळं हद्दीवर, जिथे ताकद आधीच संपत आलेली असते! रिकामी जागा नेमकी कधी येणार याबद्दल फोन आणि नेटवर्क यांच्यात थोडा जरी गोंधळ झाला, तरी कॉल तुटतो.

असा गोंधळ सहज होतो, कारण फोन एकाचा, चिप दुसऱ्याची, टॉवरवरची यंत्रणा तिसऱ्याची, आणि मानकातल्या एकाच वाक्याचा प्रत्येकाने वेगळा अर्थ लावलेला. प्रयोगशाळेत सगळं पास होतं. गाडीत फोन ठेवून हद्दीवर फेऱ्या मारल्या की दोष दिसायला लागतात. चूक सॉफ्टवेअरमध्ये असेल तर काही आठवड्यांत निस्तरते. चिपमध्येच असेल तर चिप नव्याने बनवून घ्यायची, म्हणजे काही महिने गेले, आणि मग प्रमाणपत्राच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी अडचण टॉवरच्या पायथ्याशी असते. जुन्या 2जी टॉवरला बऱ्याचदा 2 एमबीपीएसची एक ई-1 लाइन, म्हणजे टॉवरला मुख्य नेटवर्कशी जोडणारी तार, पुरायची. एचएसडीपीए, म्हणजे 3जीची जास्त वेगाची सुधारित आवृत्ती, तिचा कमाल वेग 14.4 एमबीपीएस. तो खरोखर द्यायचा तर तशा सात लाइनसुद्धा कमी पडतात. मग फायबर किंवा मायक्रोवेव्ह (टॉवर ते टॉवर रेडिओ जोडणी), त्यासाठी खोदाई, परवानग्या, जागामालकाशी बोलणी. अँटेना दोन दिवसांत चढते, हे काम महिनोन्‌महिने चालतं.

4जीला वेगळंच नडलं. मानक डिसेंबर 2008 मध्ये पक्कं झालं, वर्षभरात स्टॉकहोम आणि ऑस्लोमध्ये सेवाही आली, पण फक्त यूएसबी मोडेमवर. 4जीत साध्या कॉलची जुनी सोयच नव्हती. फोन आले तेव्हा कॉलसाठी ते जुन्या नेटवर्कचाच आधार घेत होते. 4जीवरूनच बोलण्याची सेवा, म्हणजे व्होल्टी, ऑगस्ट 2012 मध्ये सुरू झाली.

त्यामुळे पुढची घोषणा वाचताना कमाल वेगाचा आकडा बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी शोधा: प्रमाणित फोन किती आहेत, कॉल कोणत्या नेटवर्कवरून जातो, आणि हद्द ओलांडताना चालू कॉल टिकतो का. तिसऱ्याचं उत्तर कुठेच सापडलं नाही, तर निदान पहिल्या वर्षी तरी त्यासाठी फोन बदलू नका.